पावलीवरचे जाते

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमची आजी गेली. दिवसकार्य उरकल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडण्याचे काम आत्याकडे आणि माझ्याकडे आले. ट्रंकेत दोन इरकली लुगडी, विठोबाची तसबीर, चष्म्याची तुटकी काडी आणि अगदी तळाशी एक बटवा होता. बटव्यात पानसुपारी नव्हती, नाणी होती. पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची कातरलेल्या कडेची, वीस पैशांची षट्कोनी आणि काही पावल्या. आम्ही दोघींनी घोंगडीवर पसरून मोजली. सगळी मिळून ११ रुपये ३५ पैसे भरले. आजीची ही शेवटची शिल्लक.

त्या पावल्यांपैकी दोनांवर एक बाई होती. नाण्यावर बाई म्हणजे व्हिक्टोरिया राणी किंवा इंदिरा गांधी एवढीच माझी समजूत. पण ही त्या दोघींपैकी कोणी नव्हती. डोळ्यांजवळ धरून पाहिले तर ती जात्यावर दळत बसलेली होती. सालाच्या जागी १९८० आणि कडेने हिंदी-इंग्रजीत अक्षरे. त्यांचा अर्थ, ग्रामीण स्त्रियांची प्रगती.

आता माझ्या हातून घडलेला प्रमाद सांगून टाकते, म्हणजे पुढच्या विवेचनाला निदान प्रामाणिकपणाचा पाया तरी लाभेल. नाणे काळवंडले होते, म्हणून आमच्याकडे पितळेची भांडी घासतात तसे मी दोनांपैकी एक चिंच आणि राख लावून काथ्याने खसाखसा घासले. ते लखलखीत झाले. सुट्टी संपल्यावर मोठ्या दिमाखात आमच्या इतिहासाच्या सरांना दाखवले. सरांनी खिशातले भिंग काढले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "अगं, चाळीस वर्षांनी जे झालं नसतं ते तू पाच मिनिटांत केलंस!" बाईच्या चेहऱ्यावर जे थोडेबहुत नाकडोळे उरले होते ते राखेने खरवडून नेले होते. जुने नाणे घासू नये, हा नाणेशास्त्रातला पहिला धडा. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच उतरते. कारण काळाने चढवलेला तो थर म्हणजे मळ नव्हे, धातूने स्वतःसाठी केलेले पांघरूण असते.

सरांनी रागावून झाल्यावर विचारले, "पण हे नाणं पाडलं का, हे शोधलंस का?" शोधले नव्हते. या लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

अशा नाण्यांना स्मृतिनाणी म्हणतात. नेहमीच्या नाण्याचे काम देवघेवीचे. स्मृतिनाणे त्याखेरीज एखादी व्यक्ती, घटना किंवा संकल्प लोकांपुढे ठेवण्यासाठी पाडले जाते. त्याच्या काट्याच्या बाजूला नेहमीप्रमाणे अशोकस्तंभाचे सिंह, देशाचे नाव आणि किंमत असते. छाप्याची बाजू मात्र त्या विषयाला दिलेली असते. एखाद्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ बदलावे आणि आतली पाने तीच राहावीत, तसा काहीसा हा प्रकार.

कल्पना नवी नाही. समुद्रगुप्ताने अश्वमेध केला तेव्हा सोन्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला यूपापुढे उभा घोडा आणि दुसरीकडे राणी आहे. यज्ञाच्या दक्षिणेसाठी ती पाडली असावीत असे अभ्यासक मानतात. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून गमतीची आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात राजा नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूचे नाणे न वितळवता त्याच्या तोंडावरच आपले चिन्ह उमटवायचे! विजयाचे याहून रोखठोक स्मारक दुसरे कोणते असेल? खालून नहपान अजून डोकावतोच, ही त्यातली खरी मौज.

आणि शिवराज्याभिषेक. १६७४ साली महाराजांनी सोन्याचा होन पाडला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हीच अक्षरे तांब्याच्या शिवराईवरही आली. चित्र नाही, वेलबुट्टी नाही, नुसती देवनागरी अक्षरे. होन आज इतका दुर्मीळ की तो पाहायला मिळणे हेच भाग्य. शिवराई मात्र पुढे कितीतरी पिढ्या बाजारात, कमरेच्या कशात, वाण्याच्या गल्ल्यात फिरत राहिली; इंग्रजी अमलातही लोक तिने व्यवहार करीत. म्हणजे मजकूर एकच, पण एक सोन्यात कोंडला गेला आणि दुसरा तांब्यातून गावोगाव पोचला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आजीच्या पावलीकडे येताना ती पुन्हा लागणार आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मृतिनाणे १९६४ चे. मे महिन्यात पंडित नेहरू गेले आणि त्याच वर्षी त्यांची मुद्रा असलेले एक रुपयाचे व पन्नास पैशांचे नाणे निघाले. पन्नास पैशांच्या नाण्यावर नेहरूंचे नाव काहींत हिंदीत तर काहींत इंग्रजीत आहे आणि संग्राहकांना अर्थातच दोन्ही हवी असतात. त्यानंतर १९६९ मध्ये गांधीजींची जन्मशताब्दी आली. त्या वेळी वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी निघाली. दहा रुपयांच्या नाण्यात शेकडा ८० भाग चांदी होती. ज्यांनी आयुष्यभर दागिने हरिजन फंडासाठी मागून घेतले त्यांची मुद्रा चांदीवर उमटावी, हा योगायोग मला जरा विचित्र वाटतो. असो. व्यक्तीचे नाणे समजायला सोपे असते. मुखवटा ओळखला की अर्थ कळला.

खरे कुतूहलाचे प्रकरण १९७० पासून सुरू होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना रोम येथे आहे. बिनय रंजन सेन हे भारतीय गृहस्थ १९५६ ते १९६७ या काळात तिचे प्रमुख होते आणि भूकमुक्तीची जागतिक मोहीम त्यांच्याच कारकिर्दीत, १९६० साली, सुरू झाली. पुढे या संघटनेने देशोदेशींच्या सरकारांना सुचवले की, अन्नाचा प्रश्न लोकांपर्यंत न्यायचा तर नाण्यासारखे वाहन नाही. वर्तमानपत्र ज्याला वाचता येते त्याच्यापर्यंत जाते. नाणे सर्वांपर्यंत जाते. भारताने ही सूचना मनावर घेतली. १९७० च्या वीस पैशांवर कमळ आणि त्यावर सूर्य आला आणि संदेश होता 'सर्वांसाठी अन्न'.

त्यानंतर दहा-बारा वर्षे आपली स्मृतिनाणी म्हणजे जणू सरकारी भिंतीवरच्या घोषणाच झाली. १९७३ ला 'अधिक अन्न पिकवा', गव्हाच्या ओंब्यांसह. १९७४ ला 'नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न'. या नाण्यावर कुटुंबनियोजनाच्या त्रिकोणात आई, बाप आणि दोन मुले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. संदेश समानता, विकास, शांतता. १९७६ ला 'सर्वांसाठी अन्न आणि काम', १९७७ ला 'विकासासाठी बचत', १९७८ ला 'सर्वांसाठी अन्न आणि निवारा', १९७९ ला बालकवर्ष. ही यादी मी आत्याला वाचून दाखवली. १९७४ च्या नाण्यापाशी आल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. आजीला पाच मुले. "आईच्या बटव्यात हे दहा पैशाचं होतंच की," आत्या म्हणाली, "पण तिला कुणी वाचून दाखवलं न्हाई, आणि आता काय उपेग!"

पण १९७३ आणि १९७६ च्या नाण्यांपाशी आत्या हसली नाही. आमचे गाव सांगोला तालुक्यातले. १९७२-७३ च्या दुष्काळाची आठवण आमच्याकडे अजून घराघरांत सांगतात. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, रेशनवर परदेशी तांबडा मिलो आला आणि माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आजीही गेली. आत्या तेव्हा कडेवर होती. तिला सुकडी खाल्ल्याचे आठवत नाही, पण आजीने इतक्यांदा सांगितले की आठवल्यासारखेच वाटते. आता पाहा, ज्या वर्षी आमच्या शिवारात कुसळ उगवले नाही त्याच वर्षी टाकसाळीतून 'अधिक अन्न पिकवा' असे सांगणारे नाणे निघत होते. पिकवायला कोणाची ना होती? पावसाचीच होती. मला आधी हा क्रूर विनोद वाटला. पण 'अन्न आणि काम' हे दोन शब्द १९७६ च्या नाण्यावर शेजारी शेजारी आले, तेव्हा महाराष्ट्रात रोजगार हमीचा प्रयोग चालू होता. दुष्काळात सुरू झालेल्या त्या योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. नाण्याने कायदा केला असे मी म्हणत नाही. नाण्याचा ठराव बहुधा कुठल्या तरी दिल्लीच्या फायलीत झाला असणार. पण खडी फोडून आलेल्या बाईच्या तळहातावर मजुरीच्या मोडीतून 'अन्न आणि काम' हेच शब्द पडावेत, हे तिला वाचता आले असते तर तिने काय म्हटले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता १९८०. त्या वर्षीचा विषय ग्रामीण स्त्रियांची प्रगती. दहा पैसे, पंचवीस पैसे, दहा रुपये आणि शंभर रुपये अशा चार किमतींत तो पाडला गेला. चित्र एकच, दळणारी बाई.

अमूर्त विषयाला चित्र देणे ही कलाकाराची कसोटी असते. 'नेहरू' काढणे सोपे. 'प्रगती' कशी काढायची? पंचवीस पैशांचे नाणे म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. त्यात दोन भाषांतली अक्षरे आणि साल मांडून उरलेल्या जागेत चित्र बसवायचे. कलाकार प्रथम नाण्याच्या कितीतरी पट मोठे उठावाचे शिल्प प्लास्टरमध्ये करी. त्यावरून कठीण साचा घेऊन तो लघुकरण यंत्रावर चढवीत. यंत्राची एक सुई मोठ्या शिल्पावरून हळूहळू फिरे आणि दुसरी टोकदार हत्याराची बाजू तेच वळण पोलादाच्या तुकड्यावर लहान आकारात कोरीत जाई. त्या पोलादावरून डाय तयार होई आणि डायवरून नाणी. हल्ली यातले पुष्कळसे काम संगणकावर होते, परंतु अडचण तीच राहिली आहे. उठाव जास्त ठेवला तर नाणी एकावर एक नीट रचता येत नाहीत आणि उंच भाग लवकर झिजतो; कमी ठेवला तर चित्र कळत नाही. झीज नेहमी गालावर, नाकावर आणि खांद्यावर आधी होते. अशा वेळी लांबून ओळखू येईल अशी ठसठशीत आकृती हवी. जाते आणि त्याच्याशी वाकलेली बाई ही आकृती तशी आहे. गोल दगड, उभा खुंटा, पुढे झुकलेली पाठ. आजीची पावली इतकी झिजली होती, तरी मी तिला ओळखले ते जात्यामुळे, चेहऱ्यामुळे नव्हे.

इथवर मी कलाकाराच्या बाजूची होते. पण एकदा संध्याकाळी आत्याला नाणे दाखवून "बघ, किती छान कल्पना आहे, ग्रामीण स्त्री!" असे म्हटले, आणि तिने मला गप्प केले. ती म्हणाली, "आगं, आपल्या गावात गिरणी येऊन तवा दोन-तीन वर्सं झाली हुती. ही पावली बाजारात मोडीला आली, तवा आईनं हातात घेतली, लई येळ बघितली आणि म्हणाली, ह्या बाईला कुणी सांगितलं न्हाई वाटतं, गिरणी आलीया म्हणून!"

हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या लेखाची मूळ मांडणी मोडली. कारण आजीने एका वाक्यात समीक्षा करून टाकली होती. प्रगती दाखवायची आणि चित्र काढायचे ते कष्टाचे! पहाटे तीनला उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईला प्रगती म्हणजे काय, असे विचारले असते तर तिने जात्यावरून उठणे म्हणजे प्रगती, असेच सांगितले असते. गिरणीच्या दळणाला पैसे पडतात, गिरणी बंद असली की खोळंबा होतो, पीठ गरम होते, या सगळ्या तक्रारी करूनही आजी पुन्हा जात्याकडे गेली नाही. आमच्या मराठीच्या वर्गात जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक आम्ही सारेच करतो आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी त्या ओव्या रचल्या त्यांना ओवीसाठी जाते हवे होते असे नव्हे. जाते सुटत नव्हते म्हणून ओवी होती. दिल्लीत बसून चित्र निवडणाऱ्यांना हे कळले नसेल का? की खेड्यातली बाई म्हटले की जाते, घागर आणि चूल यांपलीकडे चित्र सुचतच नाही?

सरांशी यावर माझा थोडा वाद झाला. सर म्हणाले, "तू दुसरी बाजूही पाहा. तोवर नाण्यावर राजे, राण्या, देव, नेते आले. जिला नाव नाही, जिची जयंती नाही, अशी काम करणारी बाई नाण्यावर आली ही लहान गोष्ट नाही." हेही मला पटते. आजीने ती पावली खर्च केली नाही. एक नव्हे, दोन राखल्या. चित्रावर टीकाही केली आणि ते जपूनही ठेवले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक खोडून दुसरी सिद्ध करण्याचा माझा विचार नाही.

मघाशी म्हटलेल्या होन-शिवराईची आठवण इथे येते. १९८० चे हेच चित्र शंभर रुपयांच्या नाण्यावरही आहे. त्या नाण्यात निम्मी चांदी आहे. ते बाजारात फिरण्यासाठी नव्हते; संग्राहकांसाठी टाकसाळीतून मखमली डबीत विकले जाई. अशा नाण्यांत 'प्रूफ' नावाचा एक खास प्रकार असतो. त्यासाठी डाय आणि कोरी चकती दोन्ही चकचकीत करतात, ठसा एकाहून अधिक वेळा मारतात आणि माणसाचा हात लागू देत नाहीत. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी आणि आकृती धूसर, दहिवरासारखी दिसते. मुंबईच्या टाकसाळीत झालेल्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी इंग्रजी 'बी' अक्षर असे. १९९६ पासून ते 'एम' झाले. नेहमीच्या नाण्यांवर मुंबईची खूण सालाखाली हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी. कलकत्त्याला खूणच नाही. आजीच्या दोन पावल्यांपैकी एक मुंबईची आणि एक हैदराबादची निघाली. सांगोल्याला दोन्हीकडून मोड येत असणार.

तर दळणारी बाई दोन ठिकाणी बसली. एक डबीत, मखमलीवर, जिला कोणी हात लावायचा नाही. दुसरी आठवड्याच्या बाजारात, मिरच्या-कोथिंबिरीच्या मोडीत, घामट हातांतून. पहिलीचे नाकडोळे अजून रेखीव आहेत. दुसरीचे पुसले गेले, थोडे माझ्यामुळेही.

पुढे हळूहळू विषय बदलत गेले. १९८१ ला जागतिक अन्नदिन, १९८२ ला दिल्लीच्या नवव्या आशियाई खेळांनिमित्त जंतरमंतरचे चिन्ह, १९८५ ला रिझर्व्ह बँकेच्या सुवर्णमहोत्सवाचे वाघ आणि ताडाचे झाड. १९८७ ला छोटे शेतकरी आणि १९८८ ला कोरडवाहू शेती हे विषय एक रुपयाच्या नाण्यावर आले. कोरडवाहू शेतीवरचे नाणे आमच्या तालुक्याला खास लागू पडते. वडिलांनी ते पाहिल्याचे मात्र त्यांना आठवत नाही. त्यानंतर घोषणा मागे पडल्या आणि व्यक्ती व वर्धापनदिन पुढे आले. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा एक रुपया निघाला. आमच्या गावात कितीतरी घरांत तो आजही बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोवलेला आहे. चलनातले नाणे लोकांनी स्वतः चलनातून काढून घेतले, हा मान टाकसाळ देऊ शकत नाही. १९९९ ला छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, २००२ ला तुकोबांचे दोन रुपये, २००७ ला लोकमान्यांचे पाच रुपये. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, म्हणजे दीडशे वर्षे २००६ ला भरली. नाण्यावर साल २००७. सरकारी कामाला थोडा उशीर व्हायचाच.

अलीकडे मात्र एक फरक झाला आहे. हल्ली कितीतरी प्रसंगांची नाणी अशा किमतींची निघतात की ती व्यवहारात येऊच शकत नाहीत. २०१० ला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला सहस्र वर्षे झाली म्हणून एक हजार रुपयांचे, २०११ ला रवींद्रनाथांचे दीडशे रुपयांचे, २०१८ ला अटलबिहारी वाजपेयींचे शंभर रुपयांचे, २०२३ ला संसदेच्या नव्या इमारतीचे पंचाहत्तर रुपयांचे. या शेवटच्याचे वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर आणि निम्मी चांदी. ती दर्शनी किमतीहून पुष्कळ जास्त दराने टाकसाळीतून मागवावी लागतात. दिसायला देखणी असतात यात शंका नाही. पण पंचाहत्तर रुपयांचे नाणे घेऊन भाजी आणायला कोण जाईल? अपवादही आहेत. २०१५ ला बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त सव्वाशे रुपयांच्या नाण्याबरोबर दहा रुपयांचेही निघाले आणि ते मी स्वतः एस. टी. त कंडक्टरकडून घेतले आहे. पण एकंदरीत स्मृतिनाणे हे हातातून कपाटात गेले, असेच म्हणावे लागते. होन वाढले आणि शिवरायी कमी झाल्या.

संग्राहकांना यात दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जपले नसते तर मला १९७० ते १९८० ची ही माळ एकत्र पाहायलाच मिळाली नसती. फक्त अलीकडे मोबाईलवर 'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या' अशा ज्या जाहिराती येतात त्यांपासून विद्यार्थी मित्रांनी दूर राहावे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. आजीच्या पावलीलाही लाख रुपये येत नाहीत. न घासलेल्या पावलीलाही येत नाहीत, हे मी चौकशी करून सांगते.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. त्याआधी बँकेत नेऊन दिली असती तर त्यांचे पैसे मिळाले असते. वडील सांगतात, त्या वेळी त्यांनी आजीला बटवा मागितला होता. आजीने हिशेब केला. तालुक्याच्या बँकेपर्यंत एस. टी. चे जाण्यायेण्याचे भाडे बटव्यातल्या रकमेपेक्षा जास्त होत होते. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तिकडं जाऊन बी वितळवनारच." पुढे तिचे डोळे अधू झाले तेव्हा ती बटव्यातली नाणी बोटांनी चाचपून ओळखत असे. चौकोनी ते पाच, कातरलेले ते दहा, सहा कोनांचे ते वीस. पावल्या सगळ्या गोलच. त्यांतल्या जात्याच्या दोन कुठल्या हे तिला कसे कळे, ते तिने कोणाला सांगितले नाही.

घरचे जाते अजून परसात आहे. वरची तळी उलटी करून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवतात. वैशाखात चुलत बहिणीच्या लग्नात ते धुऊन आत आणले, हळद दळली, पाच सवाशिणींनी खुंट्याला हात लावला, फोटो काढले आणि ते पुन्हा परसात गेले. त्या गडबडीत आत्याने दोन पावल्यांपैकी एक मागून घेतली. मी घासलेली, चकचकीत ती तिने नेली. तिला तीच आवडली. काळवंडलेली माझ्याकडे आहे. भिंगातून पाहिले तर तिच्यावरचा जात्याचा खुंटा अजून दिसतो.